आधी इंजिन गार होऊ दे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुठलंही भांडण पेटलं की पानाकाका एकच वाक्य बोलत : "आधी इंजिन गार होऊ दे." पाण्याच्या टँकरवरून सभेत दोन मजले एकमेकांवर धावून गेले, तेव्हाही ते हेच म्हणाले. सेक्रेटरींनी सुनावलं, "काका, इथे इंजिन नाही, माणसं आहेत." काका म्हणाले, "म्हणून तर जास्त वेळ लागतो."

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. हातात कायम एखादा पाना असायचा, म्हणून पानाकाका. त्यांची पांढरी गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून धावायच्या तसली, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. लग्नानंतर घेतलेली. आता तिचे सुटे भाग भंगारातही मिळत नाहीत. माझं काम हिशेब तपासण्याचं, त्यामुळे मी एकदा न राहवून त्यांना विचारलं, की या गाडीवर होणाऱ्या खर्चात रोज रिक्षा परवडली असती, मग हा उद्योग कशाला? ते म्हणाले, "तुमच्या काकू रिक्षात बसत नाहीत."

ते अक्षरशः खरं होतं. काकूंची स्मृती गेली चार-पाच वर्षं विरत चालली होती. कुठल्याही परक्या गाडीत बसवलं की त्या दार उघडून उतरायला बघत. फक्त या पांढऱ्या गाडीत त्या पदर सावरून पुढच्या सीटवर बसत आणि विचारत, "हडपसरला ना?" हडपसरला त्यांची धाकटी बहीण. गुडघ्यांमुळे तिला घराबाहेर पडता येत नाही. काकूंना काकांचं नावसुद्धा नेहमी आठवत नसे, पण बहिणीचं आठवायचं. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे गुरुवारची हडपसरची फेरी हा त्या घराचा आठवडाभराचा आधार होता.

अशाच एका गुरुवारी, ऐन रहदारीत, गाडीने पाणी उकळून वाफ सोडली. इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, गॅस्केट गेलं होतं. काकांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि मान वर केली, तर काकू सीटवर नव्हत्या. त्या तासाभराने एका बसस्टॉपवर सापडल्या, कुणा अनोळखी बाईचा हात धरून. त्याबद्दल काका माझ्याशी फक्त एकदाच बोलले. "वाफेत दिसलंच नाही हो," एवढंच.

शनिवार पेठेतल्या मेकॅनिक बशीरभाईंनी नवं गॅस्केट घालून दिलं आणि बजावलं, की गाडी सात-आठशे किलोमीटर चालली की गॅस्केट दबून बसतं, मग इंजिन पूर्ण गार असताना हेडचे बोल्ट एकदा परत आवळायचे. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, पान्यावर गाडीच्या पुस्तकातला जोराचा आकडा लावायचा, तेवढा जोर पडून पाना कट् वाजला की थांबायचं. एकदाच. काकांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. काम झाल्यावर पाना शून्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून खोटं बोलायला लागते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्यांनी बोल्ट परत आवळले. पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा आवळले. मग दर रविवारी. कधी हेडच्या कडेला ओल दिसली, म्हणून आकडा किंचित वर सरकवला. ओल बहुधा पुसायच्या फडक्याचीच होती. मी म्हणालो, "काका, बशीरभाई एकदाच म्हणाले होते."

"तुम्ही बेरीज एकदाच तपासता?"

"दोनदा तपासतो. पण दर वेळी आकडा वाढवत नाही."

ते हसले. "तुमची बेरीज चुकली तर कुणी बसस्टॉपवर जाऊन उभं राहत नाही," असं म्हणून पुन्हा बॉनेटमध्ये वाकले.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी जिन्यातून उतरत होतो. काका मधल्या बोल्टवर पाना फिरवत होते. पाना फिरत राहिला, कट् वाजलंच नाही. बोल्ट लोण्यातून फिरावा तसा मऊ फिरत होता. काका थांबले. बराच वेळ त्यांनी पाना सोडला नाही.

बशीरभाई स्वतः येऊन बघून गेले. हेडखालच्या ब्लॉकमधले, बोल्ट धरून ठेवणारे आटे उपटून आले होते, आणि तिथून चीर गेली होती. "काका, गॅस्केटला बसू द्यायचं होतं हो," एवढंच ते म्हणाले. दुसरा ब्लॉक त्यांनी महिनाभर शोधला. मिळाला नाही.

मग काका संध्याकाळी काकूंना पार्किंगमध्ये आणून उभ्या गाडीत बसवू लागले. स्वतः स्टिअरिंगपाशी बसत. "आलं का हडपसर?" काकू विचारत. "सिग्नल आहे," काका सांगत. रखवालदार नजर दुसरीकडे वळवायचा. काही आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी काकू दारापाशीच थांबल्या. त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि परक्या माणसाला सांगावं तसं काकांना सांगितलं, "अहो, ही आपली नव्हे. आपली चालते."

त्याच आठवड्यात भंगारवाला गाडी ओढून घेऊन गेला. पाना काकांनी मला दिला. त्याचा आकडा शून्यावर नव्हता, पुस्तकातल्या आकड्याच्या बराच वर होता. मी तो शून्यावर आणला. पण त्याचं कट् आता कुठेही वाजतं, त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

आमच्या भिंती पातळ आहेत. रोज सकाळी पलीकडून काकूंचा आवाज येतो, हडपसरला कधी निघायचं. आणि मग काकांचा, तोच सभेतला शांत आवाज : "आधी इंजिन गार होऊ दे."