सेल्फ लागत नाही

बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. "धीराचा आहे हो मुलगा." धीर कसला डोंबलाचा! एका कुशीवर झोपून हात बधिर होतो ना, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं झालेलं. ऑफिसला जायचो, जेवायचो, आईच्या गोळ्या आणायचो. त्या सगळ्या महिन्यांत मला राग तेवढा यायचा, आणि तोही एकाच गोष्टीचा. बाबांच्या गाडीचा.

गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. चावी फिरवली की दिवे लख्ख लागायचे, हॉर्न ठणठणीत वाजायचा, पण सेल्फ लागायचा नाही. खट् नाही की खुट् नाही. उतरून, चार शिव्या घालून परत बसलो की कधीकधी मुकाट्याने सुरू. पार बंद पडली असती तर भंगारात तरी घातली असती. हे असं अर्धवट दुखणं म्हणजे धड सुटका नाही, धड इलाज नाही.

एरवी मला गाडीची गरज पडत नाही. पडते ती फक्त गुरुवारी. माझी मावशी कोलशेतला असते, बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. आता ती बाकी कोणाला ओळखत नाही, आईला ओळखते. दर गुरुवारी बाबा आईला कोपरहून माणकोलीच्या पुलावरून तिच्याकडे न्यायचे. अशाच एका गुरुवारी, मावशीच्या सोसायटीच्या गेटातच, त्यांच्या छातीत कळ आली. वॉचमन धावला, लोकांनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवरून उचलून रिक्षात घातलं. रिक्षातच त्यांचं डोकं आईच्या खांद्यावर कलंडलं. तेव्हापासून आई रिक्षात बसत नाही. टॅक्सीतही नाही. बसली तर ह्याच गाडीत, नाहीतर मावशीकडे जाणं बंद.

गाडी बरेच दिवस त्या गेटाजवळ उभी होती, मी जाऊन आणली. तेराव्याला ब्राह्मणाला छत्री आणि चप्पल दिली, जाणाऱ्याच्या वाटेवर पाय पोळू नयेत म्हणून. चप्पल मी स्टेशनजवळच्या दुकानातून घाईघाईत उचललेली. आई मात्र जुन्या चपलांचं विचारत राहिली. हॉस्पिटलात विचारलं, नव्हत्या. गाडीत सीटखाली हात घालून बघितलं, नव्हत्या. "अगं, पापडासारख्या झिजलेल्या चपला त्या, काय करायच्यात?" असं मी म्हटलं, तेव्हापासून तिने विषय काढला नाही.

गाडीचा इलाज मात्र जोरात चालू होता. सोसायटीत प्रत्येकजण डॉक्टर. बॅटरी म्हणाले, बॅटरी बदलली. पुढच्या गुरुवारी गाडी ढिम्म. बाबांच्या ओळखीचा मेकॅनिक होता, त्याने सेल्फ उतरवून साफ केला, अर्थिंगची वायर घासली, चावीमागचा स्विच बदलला. तो स्वतः बसायचा तेव्हा गाडी एका फटक्यात सुरू. आडदांड माणूस, क्लचवर पाय ठेवायचा म्हणजे उभाच राहायचा.

"दादा, गाडी तुमच्यावर रुसलीय," तो म्हणाला. "क्लच पूर्ण दाबता ना? ह्या मॉडेलला क्लच तळाला गेल्याशिवाय सेल्फ लागत नाही."

"दाबतो," मी म्हटलं. मी गाडी चाळिशीत शिकलोय, म्हणून मला कोणीही काहीही विचारावं? चिडून मी निघून आलो.

घरी येऊन आईला सांगून टाकलं, बास झालं, रविवारी एकजण गाडी बघायला येतोय, विकतोय मी. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. "म्हणजे हा गुरुवार शेवटचा," ती म्हणाली. मला त्याचंही काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं एवढं फक्त कळत होतं.

त्या गुरुवारी मऊ भाताचा डबा मांडीवर घेऊन आई माझ्या शेजारी बसली. मी चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. मी स्टिअरिंगवर हात आपटला.

"बूट काढ," आई म्हणाली.

"काय?"

"बूट काढून बस. हे कधी चपला घालून गाडी चालवायचे का?"

ते खरं होतं. गाडी घरी आली त्या दिवशी पूजा झाली, आईने हळदीकुंकू लावलं, आणि तेव्हापासून बाबा बाहेर चपला काढून, त्या हातात घेऊन मगच आत बसायचे. लक्ष्मीला पाय लावायचे ते उघडे, म्हणायचे. चपला सीटखाली सारायचे आणि अनवाणी गाडी चालवायचे. आम्ही हसायचो. आणि आता, गाडी ढिम्म उभी असताना, आईला हे सुचत होतं.

"आई, बुटांचा आणि सेल्फचा काय संबंध?"

"नसू दे संबंध. शेवटचंच आहे ना? काढ."

वाद घालायची ताकद नव्हती. बूट-मोजे काढून मागे फेकले आणि क्लचवर पाय दाबला. तळव्याच्या कडेला, मॅटच्या खाली, काहीतरी लागलं. बुटातून कधीच कळलं नसतं असं. चपटं, आणि एका जागी गोल उंचवटा. मी उतरलो, गुडघ्यावर बसलो आणि मॅट उचलली.

बाबांच्या चपला. एक बरोब्बर क्लचच्या खाली, दुसरी तिला लागून. गोल उंचवटा म्हणजे चपलेचा अंगठा. कळ आली तेव्हा बाबांनी ब्रेक दाबला असणार, चपला सीटखालून घसरत मॅटच्या उचललेल्या कडेखाली गेल्या असणार. तेव्हापासून मॅट सरकायची तशा त्याही सरकत होत्या, आणि त्या त्या दिवशी क्लच तळाला टेकायचा की नाही ते त्यांच्यावर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी त्या आईकडे दिल्या. तिने पदराने पुसल्या, डब्याशेजारी मांडीवर ठेवल्या.

"तेराव्याला तू नवी दिलीस," ती म्हणाली. "यांना नवी चप्पल चावायची रे. महिना महिना चावायची. मी रोज रात्री तोच विचार करते, कुठवर पोचले असतील, टाचा सोलवटून."

एवढे महिने ती हा विचार करत होती आणि मी बॅटऱ्या बदलत होतो.

"मावशीला भात भरवला की खाडीवर ने मला," ती म्हणाली. "ह्या चपला पाण्यात सोडू. त्यांच्या त्यांना मिळतील."

क्लच तळाला गेला. सेल्फ लागला. पूल ओलांडून कोलशेतला पोचलो. गेटात गाडी थांबवली, आई डबा घेऊन वर गेली, चपला सीटवर ठेवून. मी रविवारच्या माणसाला फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही. मग फोन ठेवला आणि माझी नजर त्या अंगठ्यांवर गेली, घासून काळे झालेले. आतून काहीतरी आलं ते थांबेना. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला.

वॉचमन धावत आला. मागच्या वेळीही तोच धावलेला. दार उघडून त्याने माझा खांदा धरला. "साहेब, छातीत दुखतंय का? ओ साहेब?"

"नाही हो," मी म्हटलं. "रडतोय फक्त."