आबा बीपी देत नाहीत

"मला इचारताय व्हय? मंग नगं," आबा म्हणाले आणि बाही खाली ओढून बसले.

मी कफ हातात धरून उभी. कफ म्हणजे बीपी मोजायला दंडाला गुंडाळतात तो पट्टा. भोरच्या त्या दवाखान्यात मी आठ वर्षं स्टाफ नर्स होते. तेवढ्या काळात मला कुणी नको म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? मी कधी विचारलंच नव्हतं. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत माझा पट्टा त्याच्या दंडावर असायचा.

त्या दिवशी विचारलं, कारण मला इंग्लंडला जायचं होतं.

व्हिसा आला होता. पण तिथे गेल्यावर ऑस्की नावाची परीक्षा पास व्हावी लागते. खोटा वॉर्ड असतो आणि खोटा पेशंट, म्हणजे पेशंटचं काम करणारा नट. त्याला आपलं नाव सांगायचं, त्याचं नाव-जन्मतारीख विचारायची, आपण काय करणार ते समजावायचं आणि परवानगी घ्यायची. मगच हात लावायचा. ठरावीक वेळा नापास झालं की परत घरी. इकडे सासूबाईंनी उत्रोलीतल्या सगळ्या भावकीला सांगून माझी ओटीही भरून घेतली होती. नापास होऊन त्या भावकीसमोर उभं राहायची मला मनापासून भीती वाटत होती.

ऑनलाइन क्लासच्या मॅडमनी मोबाईलवर माझी सराव परीक्षा घेतली. उशीला पेशंट करून मी बीपी घेतलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वैशाली, यू अटॅक्ड द पेशंट."

म्हणून ठरवलं, सराव खऱ्या पेशंटवरच करायचा.

पहिला घोटाळा जन्मतारखेचा झाला. बाकावर सात म्हातारी माणसं होती आणि सातही जणांची तारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकली तीच आधार कार्डावर आलेली. आबा वेल्ह्याकडचे, आमचे जुने पेशंट. ते म्हणाले, खरी विचाराल तर पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी रांगत होतो. ओळख पटवायला एवढं पुरतं का, हे मॅडमना विचारायचं राहून गेलं.

दुसरा घोटाळा मोठा. "तुमची परवानगी असेल तर बीपी मोजू का?" असं मऊ आवाजात विचारलं की माणसं पांढरीफटक पडायची. आमच्याकडे परवानगी घेतात ती मोठ्या ऑपरेशनच्या आधी, कागदावर सही घेऊन. एका मावशींनी रडत रडत मुलाला फोन लावला. दोघं जण चपला घालून समोरच्या डॉक्टरांकडे गेले. आणि आबा तर सरळ नगंच म्हणाले.

आमच्या डॉक्टरसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, जाताना माझी ओपीडीपण बरोबर नेणार आहात का?"

"सर, सराव नको का करायला?"

"करा. पण एकट्या आबांवर करा. ते कुठं जायचे नाहीत."

आता नियम असा, की पेशंट नाही म्हणाला तर हात लावायचा नाही. त्यामुळे आबांचं बीपी राहिलं. सरांनी त्यांना पुढच्या बाजाराच्या दिवशी बोलावलं. आबा आले, ऐटीत बसले, बाही स्वतःच वर सरकवली. मी विचारलं. "नगं" म्हणाले, बाही खाली केली आणि एसटी पकडायला गेले. त्यानंतरच्या बाजाराला तर गावातल्या दोन म्हाताऱ्यांना ही गंमत बघायला बरोबर घेऊन आले.

मला मात्र घाम फुटला होता. परीक्षेतला नटही असाच अडून बसला तर? मॅडम म्हणाल्या, कारण विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. यातलं गप्प बसणं मला जास्त अवघड होतं.

चौथ्या खेपेला विचारलं, "आबा, नको का म्हणता?"

मी पट्टा गुंडाळत राहिले, तेव्हा कुठे आबा बोलले. "इतकी वर्सं पट्टा आवळताय. काटा काय म्हनतो ते डाक्टरला सांगता, माज्या पोराला सांगता. मला कुनी सांगितलंय का?"

मला लाज वाटली, अगदी खरी. आजपासून आकडा आधी तुम्हाला सांगेन, असं मी कबूल केलं. आबांनी दंड पुढे केला.

वरचा आकडा दोनशेला टेकला होता, तो मी आधी आबांनाच सांगितला. आबांचं बीपी कायम एकशे तीस असायचं. गोळी घेतली का, असं मी घाबरून विचारलं.

"आज कशाला? आज तर नगं म्हनायला आलो व्हतो."

मग सगळं बाहेर आलं. आबा गोळी घ्यायचे ती फक्त तपासणीच्या दिवशी. आकडा चांगला आला की डॉक्टर खूश होतात म्हणून. बाकीच्या गोळ्या घरी डब्यात. म्हणजे इतकी वर्षं आम्ही आबांचं बीपी मोजतच नव्हतो, त्या सकाळची गोळी मोजत होतो.

सर धावत आले आणि पट्टा उचलून थेट आबांच्या दंडाला लावू लागले. आबांनी हात मागे घेतला.

"आदी इचारा."

सरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. मग खाकरून त्यांनी परवानगी मागितली. आबांनी विचार केल्यासारखं करून ती दिली. त्या दिवसापासून आबांची गोळी रोज सुरू झाली आणि मी निघेपर्यंत आकडा बराच खाली आला.

इंग्लंडला पोचले. परीक्षेत प्रत्येक कामाचं वेगळं टेबल असतं, त्याला स्टेशन म्हणतात; बीपीच्या स्टेशनवर एक गुबगुबीत गोरे आजोबा पेशंट म्हणून बसले होते. मी सगळं रीतसर केलं, नाव सांगितलं, समजावलं, परवानगी मागितली.

"हो, घे की," असं ते इंग्रजीत म्हणाले.

मी गारच पडले. माझी सगळी तयारी नकाराची होती. मी पुन्हा विचारलं, नक्की ना? आकडा आधी तुम्हालाच सांगेन, हेही सांगितलं. मनात काही शंका असेल तर मोकळेपणाने बोला, म्हटलं. तिसऱ्या वेळी आजोबा परीक्षकबाईंकडे मदतीसाठी बघायला लागले. तेव्हा कुठे मी कफ लावला आणि वेळ संपल्याची घंटा वाजायच्या जरा आधी आकडा सांगितला.

पास झाले. एवढं शिकले की परवानगी मागताना नकार ऐकायची तयारी ठेवावी, आणि समोरचा हो म्हणाला तर मुकाट्याने कामाला लागावं.