रोजनामच्यात न लिहिलेली मुलगी

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. मिळालेल्या शाबासक्या सांगणारे निवृत्त अधिकारी पुष्कळ भेटतात. मी माझी लाज सांगतो.

भोपाळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका सकाळी इंद्रपुरीत राहणारे, कारखान्यात तंत्रज्ञ असलेले एक मराठी गृहस्थ आले. हळदीकुंकवामुळे आमच्या घरांची ओळख होती. त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी चार दिवसांपूर्वी इंदूरला मावशीकडे जाते म्हणून निघाली, ती तिथे पोचलीच नव्हती. परवापर्यंत ती फोनवर बोलत होती, कालपासून फोन बंद होता. तिची मोटरसायकलही जागेवर नव्हती.

नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीने ठाण्याचा रोजनामचा उघडला, तसे ते माझ्या कानाशी वाकले. "साहेब, पुढच्या महिन्यात तिला बघायला येणार आहेत. तेवढं लिहू नका ना."

मी मुन्शीला वही मिटायला सांगितलं. आपल्या माणसाची अब्रू राखली, या समाधानात त्यांना चहाही पाजला. नोंद नाही म्हणजे फोनचं लोकेशन मागवता येत नाही, दुसऱ्या राज्यांना संदेश जात नाही, हे मला पाठ होतं. पण पोरगी कुणाचा तरी हात धरून पळालीय, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

दुपारी खबऱ्याने सांगितलं, ती चार दिवसांपूर्वी स्टेशनवर शहरातल्याच करोंद भागातल्या एका मेकॅनिकबरोबर दिसली होती. झालं. त्याला उचलून आणला. तो पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "सर, दीदी अकेली गई हैं. पहाड़ का कोई ख़तरनाक रास्ता है, वही चलाने. मैंने सिर्फ़ गाड़ी पार्सल करवाई."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. दोन दिवस मी तेच विचारत राहिलो, तो तेच सांगत राहिला. खोटं बोलणारा दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलतोच, हे नव्या शिपायांना मीच शिकवायचो.

शेवटी आमच्या हवालदार बाई मला न विचारता रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जाऊन आल्या. "सर, भेजने वाली वही, छुड़ाने वाली भी वही, चंडीगढ़ में."

मग नोंद झाली, फोनचं शेवटचं लोकेशन मिळालं, हिमाचलला संदेश गेला. संध्याकाळपर्यंत हिमाचलच्या पोलिसांनी तिला शोधलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा नाही, आणि त्याच थरारासाठी देशभरातून लोक जातात, असा तो खिंडीचा रस्ता. गाडीसकट घसरून ती खाली ओढ्याकाठी अडकली होती. जीव वाचला. बर्फाच्या पाण्यात गारठलेलं डावं पाऊल मात्र कापावं लागलं. एक दिवस आधी आणली असती तर वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

काही महिन्यांनी मी मेकॅनिकची माफी मागायला करोंदला गेलो. त्याने हात पुसून स्टूल पुढे केलं. तो तिच्यासाठी हाताने गिअर टाकता येईल अशी गाडी बनवत होता, आणि ती तिथेच बसली होती.

"काका, तिथे पडले होते ना, तेव्हा एकच धीर होता," ती म्हणाली. "बाबा पोलिसांत गेले असतील, शोध सुरू झाला असेल."

वडिलांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"लिहायला किती वेळ लागतो, काका?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्यापुढे आलेल्या प्रत्येक बापाची आधी नोंद घेतली, मग चहा दिला. तिच्या पावलाची भरपाई त्याने झाली नाही.