निळे डोळे आणि पायाखालची माती

देवाने माणसाला डोळे दिले पाहण्यासाठी. माणसाने त्यांना जुंपले संशयाच्या कामाला. त्या दयाघनाला हात जोडून आज एका साध्या बाईचे चरित्र सांगतो. संतांची चरित्रे सांगायला थोर थोर मंडळी आहेत. अंगणवाडीताईचे कोण सांगणार?

घाटंजीच्या पुढे कापसाच्या शेतांत वसलेले एक खेडे आहे. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका उज्ज्वलाताई. वर्ण गव्हाळ, बोलणे मऊ, चालणे लगबगीचे, आणि डोळे? डोळे निळे. घारे नव्हेत, पिंगट नव्हेत, निळे. आई काळ्याभोर डोळ्यांची, बाप काळ्याभोर डोळ्यांचा, आणि पोटी हे निळे लेकरू. टोमणे आधी आईने सोसले, मग लेकीने.

लेकीच्या वाट्याला तर आणखी एक दुखणे आले. ऊन. यवतमाळचे ऊन कोणालाही सोडत नाही, पण ते या डोळ्यांना जास्त टोचते. म्हणून ताई डोळे बारीक करीत, कपाळाला आठी घालीत चालायच्या. हातपंपावर बाया कुजबुजायच्या.

"पाय वं, कशी रोखून पाह्यते!"

ताईंनी काळा चष्मा घेतला, तर दुसरीच कुजबुज उठली.

"आता डोये झाकून आली. लपवाचं असन काही, त्याच्याबिगर कोनी झाकते काय?"

उघडे ठेवावेत तर रोखते, झाकावेत तर लपवते! संशयाच्या न्यायसभेत आरोपीला बोलायची मुभा नसते हो. तिथे त्याचे गप्प बसणेही पुरावा, आणि बोलणेही पुरावाच.

एकदा यवतमाळला प्रशिक्षण होते. शिकवायला डॉक्टर संघदीप आले होते. जेवणाच्या सुट्टीत ताईंनी धीर करून विचारले, "सर, माह्या डोयाईत हा रंग आला कुठून?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "ताई, तुमच्या डोळ्यांत निळा रंग नाहीच."

ताई चमकल्या. ही थट्टा असेल, असेच त्यांना वाटले. पण डॉक्टरांनी समजावून सांगितले. बुबुळात तपकिरी रंगद्रव्य असते. ते भरपूर असले की डोळा काळा दिसतो. फार थोडे असले की आत शिरलेला उजेड विखुरतो आणि निळेपण तेवढे बाहेर येते. आभाळाला कोणी नीळ फासली आहे का? तसेच हे. रंगद्रव्य थोडे, म्हणून उन्हाला आडोसाही थोडा. आईबापांचे डोळे काळे असले, तरी दोघांच्याही रक्तात हा गुण मुका राहून लेकरात बोलू शकतो. त्यात आईचा काही दोष नसतो. जगात शंभरांमागे आठ-दहा माणसे अशी आहेत. उत्तर युरोपात पुष्कळ, आपल्याकडे फार विरळ. त्यांतल्या बहुतेकांचा धागा हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाशी जुळतो, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

"म्हंजे तिकडच्या गोऱ्या लोकाइचे आन् माहे सोयरपन?"

"असू शकतं. फारच लांबचं!"

ताई खूप हसल्या. पण 'आईचा दोष नसतो' हे शब्द ऐकायला आई उरली नव्हती, हे आठवून त्यांनी चष्मा चढवला.

गावात मात्र शास्त्र पोहोचले नाही, दृष्ट पोहोचली.

गिरजाबाईंची नात आभा वर्षाची होत आली होती. एका वजनाच्या दिवशी ताईंनी तिचा गाल कुरवाळला, "किती गोड हाये वं!" म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात पोरीला हगवण लागली. झाले! त्यानंतर आभा अंगणवाडीत दिसली नाही. पोर सुकत चालली आहे, असे शेजारणी सांगत. ताईंच्या जिवाला घोर लागला. अशी लेकरे पाहता पाहता हातची जातात, हे त्यांना ठाऊक होते.

त्या आभाच्या घरी गेल्या. गिरजाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"पोट्टी मामाच्या गावाले गेली."

आतून आभा रडली. क्षीण, चिरका आवाज.

"मंग हे कोन रडून राह्यलं, आजी?"

"मांजर हाये."

ताई वळल्या. चार घरे ओलांडून मागे पाहतात तो काय? गिरजाबाई रस्त्यावर उकिडव्या बसून ताईंच्या पाऊलखुणेतली माती चिमटीने पदरात भरून घेत होत्या. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती, मीठ, मोहरी, मिरच्या; लेकरावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकायचे. रीत जुनी, आणि रीत स्पष्ट सांगते की दोषी कोण.

ताईंचे काळीज चिरले. पण त्या परत आल्या, चपला काढल्या, आणि अनवाणी पाऊल धुळीत घट्ट रोवून म्हणाल्या, "चपलेच्या खुनेतली कायले घेता? हे घ्या, चांगली मूठभर घ्या. पन मंग पोरीले बाहेर आना."

गिरजाबाई ओशाळल्या, पण हटल्या नाहीत. "देल्लेली माती चालत नाई. चोरूनच घ्या लागते."

"मंग मी तोंड फिरवतो. चोरा!"

आणि ताई खरोखर पाठ करून उभ्या राहिल्या. उन्हात, चष्मा काढून, डोळे मिटून. परमेश्वरा, क्षमा म्हणतात ती अशी उभी राहते का रे?

चोरी झाली. तेवढ्यात सून दीपा लेकीला घेऊन उंबऱ्याबाहेर आली. सासू ओरडली, "तिले पाहू देऊ नोको!"

"नाई पाहत," ताई म्हणाल्या. मिटल्या डोळ्यांनीच त्या ओट्यावर टेकल्या आणि मांडी पसरली. पिशवीतून दंडाला लावून कुपोषण मोजायची रंगीत पट्टी काढली, बोटांनी तो काडीसारखा दंड चाचपला, पट्टी गुंडाळून ओढली. "दीपा, तू पाय. पट्टीच्या खिडकीत कोनता रंग दिसते?"

दीपा वाकली. वाकलेलीच राहिली.

"लाल."

हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखाना. अंगणवाडीच्या भिंतीवरचे ते चित्र गावातल्या प्रत्येक आईने पाहिलेले. "लाल हाये, मामी," दीपा सासूकडे वळून पुन्हा म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला न विचारता पायात चप्पल सरकवली.

ऑटो आला. गिरजाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली, ताईंकडे पाहिले, पुन्हा पाहिले.

"तूबी चाल. पन समोर बस, डायवरजवळ."

ताई समोर बसल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात आभा पुष्कळ दिवस राहिली आणि देवाच्या, डॉक्टरांच्या कृपेने भरत आली. गिरजाबाई गावभर सांगतात, मातीनेच दृष्ट उतरली. ताई वाद घालत नाहीत. लेकरू जगले, श्रेय कोणाच्या का पदरात पडेना!

पुढच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत सगळ्यांच्या आधी गिरजाबाई हजर. आभाच्या गालावर काजळाची तीट, रुपयाएवढी. त्यांनी नात ताईंच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी फतकल मारून बसल्या.

"तीट मोठी लावली हाये," त्या म्हणाल्या. "आता पाय, किती पाहाचं तं."