पिस्ता रंगाचा मामा

माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून होत नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी म्हणत असे आणि मुले ते लिहून घेत असत. मग सर, गॅदरिंगच्या दिवशी तुम्ही कोट काहून घालता, असे एकाही मुलाने विचारले नाही. कोट होता, तोही एकच, माझ्या स्वतःच्या लग्नात शिवलेला. लग्न, मुंज, सत्कार, शोकसभा, सगळीकडे तो चालत असे. भाचीचे लग्न ठरले आणि तो चालेनासा झाला.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहिणीचे सासर अकोल्याला. आमच्याकडे नवरी अंतरपाटाशी उभी राहते ती मामाने आणलेल्या पिवळ्या साडीत. शालू, घागरा, काय हौस असेल ती नंतर. त्या साडीला हात लावून मांडवातल्या बायका नवरीच्या आईचे माहेर जोखतात. मुलीला डिग्री किती, जावयाला पगार किती, हे सगळे नंतर येते. आधी साडी.

बहिणीच्या स्वतःच्या लग्नात आमच्या मामाने आणलेल्या साडीचा रंग कच्चा निघाला. लग्न मे महिन्यातले, जागा अकोला. मंगलाष्टके संपेपर्यंत तिची मान, तिचे दंड आणि नवरदेवाच्या सदऱ्याची एक बाही पिवळी झाली होती. तिच्या नणंदेने भर मांडवात विचारले, "काय वं, काल हळद कमी पडली का? आज उरलेली लावून आनली!" मांडव हसला. बहीणही हसली, कारण नवरीला दुसरे काही करता येत नाही. तेव्हापासून नणंदबाई प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगत आल्या आहेत. मी ती अनेकदा ऐकली आहे आणि नाइलाजाने कबूल करतो की त्या ती चांगली सांगतात.

त्यामुळे भाचीचे लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा बहिणीने मुलाचे नाव-गाव नंतर सांगितले. आधी म्हणाली, "दादा, साडी अशी आन, का तिचं तोंडच बंद झालं पाह्यजे."

आम्ही आणली. माझ्या बायकोने दुकानातच पदराचा कोपरा ओल्या रुमालाने घासून पाहिला. दुकानदाराला ते लागले. रुमाल पांढराच राहिला, तेव्हा बायकोने तो आधी मला, मग दुकानदाराला आणि मग शेजारी बसलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवला.

लग्नाच्या थोडे आधी साडी घेऊन मी अकोल्याला गेलो. बहिणीने ती उलगडली आणि बराच वेळ हात फिरवत बसली. तेवढ्यात भाची खोलीतून बाहेर आली. ती पुण्याला नोकरी करते, बोलतेही पुण्यासारखे. भांडण तेवढे वऱ्हाडीत करते.

"छान आहे मामा," ती म्हणाली, "पण ही हळदीला नेसेन. लग्नाची थीम पेस्टल आहे."

तिने मला मोबाईलवर इव्हेंटवाल्याने पाठवलेला रंगांचा तक्ता दाखवला. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, लग्नाला पिस्ता, मोतिया आणि फिका गुलाबी. पिवळा रंग लग्नाच्या आदल्या दिवशी संपत होता.

"म्हंजे अंतरपाटाशी तू घागऱ्यात उभी राह्यशीन?" बहीण म्हणाली.

"हो. तो शिवून झालाय, आई."

"आनि मामाची साडी?"

"सांगून तर राहिली, हळदीला!"

"हळदीले साडी कोन पाह्यते वं? तुह्या आत्याले म्या काय दाखवू? मोबाईल?"

कूलरच्या आवाजावर आवाज चढवत दोघी बोलत होत्या. मी दोघींच्या मधे बसलो होतो, मांडीवर साडीचे रिकामे खोके घेऊन. इतिहासात तह कसे होतात ते मी पुष्कळ शिकवले आहे. ज्याच्या मुलखाचे तुकडे पडतात त्याला बोलणीला बोलावत नाहीत, हेही शिकवले आहे.

"ठीक हाये," भाची शेवटी म्हणाली. "मी नेसीन साडी. पन मग मामानं लग्नात मी सांगीन ते घालायचं. तो जुना कोट नाई. मले बोहल्याकडं नेताना सगळे फोटो तुमच्यासंगच निघतात, मामा."

"घालन नं तो!" बहीण लगेच म्हणाली. "काहून नाई घालन?"

मला कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी भाची मला शेरवानी भाड्याने देणाऱ्या दुकानात घेऊन गेली. रंग पिस्ता. छातीवर मोत्यांचे काम, गळ्याशी ब्रोच, पायात टोकाला वळलेल्या मोजड्या. गुंडी लावताना दुकानदार म्हणाला, "सर, जरा श्वास बाहेर सोडा."

"आणि मग?"

"मग काई नाई. जेवनापर्यंत हळूहळू घेत राहा."

मी आरशात पाहिले. कुठल्याशा खालसा झालेल्या संस्थानाचा, पेन्शनही बंद झालेला दिवाण दिसत होता. "एकदम रॉयल दिसून राहिले सर," दुकानदार म्हणाला. "आजकाल सारे मामा हेच घेऊन राहिले."

लग्न गोरज मुहूर्तावर होते. मे महिन्यात अकोल्यात संध्याकाळ ही फक्त घड्याळात होते. शेरवानीला अस्तर होते, त्याखाली बनियन होते, त्याखाली मी होतो. फेटेवाल्याने फेटा इतका आवळला की भुवया खाली येईनात. सगळ्या फोटोंत मी चकित दिसतो ते त्यामुळे. लॉनवर ठिकठिकाणी मोठाले कूलर होते. एकासमोर उभा राहिलो तर त्याने पाणी उडवले, आणि शेरवानीचा पोटावरचा भाग पिस्त्याचा गडद हिरवा झाला. पुढारी मंडळी पांढरे कुडते घालून पहिल्या रांगेत ऐसपैस बसली होती. त्यांना थीम लागू नव्हती. हिवरखेडकडचे एक म्हातारे नातेवाईक, सदरा-पायजम्यात आणि पांढऱ्या टोपीत, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "नवरदेव तुमीच का मास्तर? मंग घोडं कुठी बांधलं?"

आमच्या भागात वधूकडच्या पुरुषांची शोभा होण्याची रीत जुनी आहे. कौंडण्यपूरच्या राजकन्येला नवऱ्याने रथातून नेले तेव्हा अडवायला गेलेल्या तिच्या भावाचे डोके आणि मिशा भादरून त्याला सोडून दिले, असे सांगतात. मी त्याच्याविषयी प्रथमच आपुलकीने विचार करत होतो, तेवढ्यात बहीण धावत आली.

"दादा, ते घागरा घालून बसली!"

वरात गेटपाशी पोचली होती. डीजेचा आवाज बरगड्यांत वाजत होता. आम्ही नवरीच्या खोलीकडे गेलो. दारातच पार्लरवालीने अडवले. केस घागऱ्यावर सेट झाले आहेत, साडी नेसवली तर सगळा लूक जाईल, असे तिचे म्हणणे होते. बहीण तिच्याशी भांडलीही नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, हातात साडीची पिशवी. पलीकडे बायकांच्या घोळक्यात नणंदबाई कुणाला तरी काही सांगत होत्या आणि घोळका हसत होता. काय सांगत असतील ते आम्हा दोघांनाही पाठ होते.

मी पार्लरवालीच्या खांद्यावरून आत डोकावलो, इतकेच.

भाचीने आरशात मला पाहिले. फेटा, ब्रोच, मोती, ओले पोट. ती गर्रकन वळली.

"माय वं! मामा, तुमी खरंच घातलं!"

"घालायचं ठरलं होतं ना?"

"मले वाटलं, तुमी तो कोटच घालून येता. म्हनून म्या पन..." मग ती इतकी हसली की डोळ्यांतले काजळ पुसायला पार्लरवालीला धावावे लागले. हसणे थांबल्यावर तिने आईकडे पाहिले, उठली आणि म्हणाली, "दे ते साडी."

पार्लरवाली खुर्चीत बसली आणि तिने आमच्याशी बोलणे सोडले. साडी माझ्या बायकोने नेसवली. वरात नाचत असल्यामुळे आमच्याकडे मुहूर्त हमखास टळतो. त्या दिवशी वरात नाचून थकली, आत आली, सरबत प्यायली आणि नवरीसाठी थांबली. असे वऱ्हाडात सहसा होत नाही.

मी भाचीला घेऊन बाहेर पडलो तेव्हा नणंदबाई वाटेतच उभ्या होत्या. त्यांनी पदर चिमटीत धरला. दोन बोटांनी चोळला. मग बोटांकडे पाहिले.

"मामाची का?"

"हाव," बहीण म्हणाली.

"रंग पक्का हाये नं?"

"पाहून घ्या नं ताई. पानी लावून पाहा."

नणंदबाईंनी पुन्हा बोटांकडे पाहिले. "हं," त्या म्हणाल्या. "चांगली हाये."

मंगलाष्टकांत बहिणीचे लक्ष नव्हते. जेवताना, पाठवणीच्या गडबडीत, मुलीला निरोप देऊन रडून झाल्यावरसुद्धा ती मधेच माझी बाही धरून विचारत होती, "चांगली म्हनली नं ते? तू ऐकलं नं?" मी ऐकले होते. शेरवानीमुळे मला मान हलवता येत नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी तोंडाने सांगावे लागले.

आता बहिणीच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर त्या दिवसाचा एक भला मोठा फोटो आहे. भाचीनेच निवडून, फ्रेम करून पाठवला. मी तिला बोहल्याकडे नेतो आहे, ती माझ्याकडे वळून हसते आहे, मागे नणंदबाई अस्पष्ट दिसतात. आल्यागेल्याला बहीण त्याच्यासमोर उभे करते आणि साडीचा पिवळा नेमका कसा होता ते सांगते. मी तिथे असलो तर शेरवानीचा पिस्ता मला सांगावा लागतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे.