सात म्हणजे सात

चांदूर बाजाराकडच्या आमच्या शंकरपटात धावतात बैलजोड्या, पण मैदान गाजवतो माइकवरचा माणूस. म्हणजे माझा देवीदासमामा! गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. तोंडात एक दात उरलेला नाही, कवळी बोलताना सुटायची म्हणून खिशात. शालिकरामची जोडी सात सेकंदांत आली. मामा ओरडला ‘सात’, भोंग्यातून निघालं ‘आठ’. शालिकराम मंचावर चढला, हमरीतुमरी झाली आणि कमिटीने मामाचा माइक काढून घेतला. मामाने घराबाहेर पडणंच सोडलं. मला असा संताप आला म्हणता!

उन्हाळ्यातच त्याला अमरावतीला दातांच्या डॉक्टर अफिफांकडे नेलं. यंत्र डोक्याभोवती फिरलं, इवलासा कॅमेरा हिरड्यांवरून फिरला, आणि मामाचा अख्खा जबडा स्क्रीनवर गरगर फिरू लागला! नवे दात पक्के बसावेत म्हणून हाडात स्क्रू कुठे बसवायचे हे डॉक्टर तिथेच ठरवत होत्या.

“बाई, बैल इकत घेऊन राहिली का? जबडा पाहून राहिली!” मामा म्हणाला. “मी पुरा आदंत झालो. जुळव मले.”

बैलाला पक्के दात आलेले नसले की आमच्याकडे ‘आदंत’ म्हणतात आणि सगळे आले की ‘जुळला’. डॉक्टरांना ते समजावून सांगावं लागलं, मग त्या खूप हसल्या.

स्क्रू बसले, वर तात्पुरते दात लागले. हाड भरून यायला काही महिने गेले. मग पक्क्या दातांचा नमुना लावून पाहिला.

“काका, सात म्हणा.”

“शात.”

मामाचा चेहरा पडला. डॉक्टर मुळीच घाबरल्या नाहीत. स्क्रीनवर पुढचे दात केसभर मागे सरकवले आणि आठवड्याने नवी रांग छापून आणली.

“सात सेकंद, सत्तावन पॉइंट!” मामा खुर्चीतूनच गरजला.

बाहेर बसलेल्या पेशंटने विचारलं, “कोनाची जोडी?”

यंदा कमिटीने मामाला पुकारायला एकच जोडी दिली. जमलं तर पुढचा पट त्याचा, नाहीतर कायमचा घरी. जोडी नेमकी शालिकरामचीच! बैल सुटले, धूळ उडाली, घड्याळ थांबलं.

“सात! सात सेकंद!”

मैदान नुसतं उसळलं. शालिकराम धावत मंचाकडे निघाला. मी बाह्या सरसावल्या. त्याने बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा मामाचा ओठ वर केला, दोन्ही रांगा न्याहाळल्या आणि माइक ओढला.

“जुळला रे! आमचा बुढा जुळला!”

अन् माइक परत मामाच्या हातात दिला.