मास्तरांचा डावा दंड

कपडे शिवायच्या कारखान्यात पहिला खोकला काजं करणाऱ्या काजेवालीचा. बारीक, लाजरा, खुट-खुट. दोन दिवसांनी इस्त्रीवाल्याने सूर धरला. त्याचा म्हणजे भरलेला ट्रक चढावर लागल्यासारखा. तो ऐकला की कापडं बेतणाऱ्या मास्तरांना घर आठवे.

घरी बायकोची फुप्फुसं नाजूक. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनीच फ्लू घरी नेला होता. स्वतः तीन दिवसांत उठले, ती मात्र अकरा दिवस इस्पितळात, नाकात नळी. तिने लस घेतलेली होती, पण तिच्या अंगाला ती पुरती लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणत. तेव्हापासून तिने एकच टुमणं लावलेलं: तुम्ही घ्या.

मास्तर टाळत. ताप आला, हात थरथरला तर मशीनखाली एकावर एक रचलेले गणवेशांच्या कापडाचे चाळीस थर एका फटक्यात वाया. त्यात इस्त्रीवाला छाती ठोकून सांगे की गेल्या वर्षी सुई घेऊनही तो आजारी पडलाच, म्हणजे सुई पाण्यात गेली.

मास्तरांनी हेच कारखान्यात लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना तावातावाने ऐकवलं. त्या म्हणाल्या, लस घेऊनही फ्लू होऊ शकतो; पण बहुधा हलका जातो, आणि घरी नेण्याचा धोका कमी होतो.

"म्हणजे आजपासून?"

"नाही हो. अंगात तयारी व्हायला दोन आठवडे लागतात."

मास्तरांनी बोटांवर दिवस मोजले. मग कापायचं मशीन ढकलणारा उजवा हात जपायचा म्हणून त्यांनी मोठ्या हुशारीने डावा दंड पुढे केला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यावर पंजा ठेवला आणि चूक कळली. पात्याशेजारी चाळीस थर दाबून धरतो तो डावाच. दंड ठणकला, वरचा थर बोटभर सरकला. मास्तरांनी झटकन मशीन बंद केलं.

इस्त्रीवाला धावला. "मी दाबतो, मास्तर. तुम्ही फक्त चालवा." आणि गठ्ठ्यावर वाकताच त्याच्या खोकल्याचा ट्रक चढाव चढू लागला.

काम तासाभरात उरकलं असतं. मास्तर दोन पावलं मागे सरले.

"तू लांब हो, बाबा. दहा-दहा थर कापीन मी."

मालक घड्याळ दाखवत ओरडून गेले. मास्तर कापत राहिले. तिसऱ्या खेपेला बायकोचा फोन आला.

"अहो, दुखतोय का दंड?"

"दुखतोय. आणि ऐक, माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाक. दोन आठवडे."



"टाकलंय सकाळीच," ती म्हणाली.